सासुरवाडीच्या सफरचंदांना खुंट कुठला? (सांगला, किन्नौर)

मुलुंडचा_जावई:
नमस्कार मंडळी. मी राहतो मुलुंडला, शेतीशी संबंध म्हणाल तर खिडकीतली तुळस, ती पण आईच बघते. पण बायको किन्नौरची, सांगल्याची. तिथे सासऱ्यांची सफरचंदाची बाग आहे, साधारण ८८०० फुटांवर, सगळी जुनी रॉयल डिलिशस, बियांपासून केलेल्या खुंटावरची (खुंट म्हणजे कलमाच्या खालचा, मुळांचा भाग), तिकडे त्याला बीजू म्हणतात. झाडं चाळीशीची झाली, माल कमी येतो, उंच म्हणून तोडायला माणसं मिळत नाहीत. तर मेव्हण्याने तीन वर्षांपूर्वी वरच्या पट्टीतली झाडं काढून तिथे १२० रोपं लावली, एम ९ नावाच्या बुटक्या खुंटावरची, खांब-तारा सगळं करून, कर्ज काढून. दुसऱ्याच वर्षी थोडी फळं दिसली, घरात पेढे वाटले.

गेल्या हिवाळ्यात जानेवारी संपेपर्यंत बर्फ जवळजवळ पडलाच नाही आणि थंडी मात्र हाडं फोडणारी. मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा झाडांना छान पालवी होती, काहींना फुलं पण, आणि आम्ही असतानाच आठ-दहा दिवसांत पानं लोळायला लागली. मेव्हण्याने खिशातला चाकू काढला, कलमाच्या जोडाच्या वरची साल खरवडली तर हिरवी, ओली. जोडाच्या खाली वीतभर माती उकरून मूळ खरवडलं तर आत चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी, वास पण आंबूस. १२० पैकी ४७ गेली. नर्सरीवाला म्हणतो पाणी जास्त झालं, मेव्हणा म्हणतो रोपंच खराब दिली. सासरे काहीच म्हणत नाहीत, ते फक्त खालच्या पट्टीतल्या जुन्या झाडांकडे बघतात, आणि ते बघणंच जास्त लागतं.

आता मेव्हण्याचं म्हणणं, "जीजाजी, आप तो मुंबई में रहते हो, नेट पे देख के बताओ कौन सा रूटस्टॉक ठीक रहेगा." म्हणजे मुंबईत राहतो म्हणजे मला सगळं माहीत असणार! नेटवर बघितलं तर एम ९, एम २६, एमएम १०६, एमएम १११, बी ९, बी ११८, जी ४१, जी ८९०, अंतोनोव्का... मोठा नंबर म्हणजे मोठं झाड का? कोणीतरी सोप्या मराठीत सांगा.

गिरगावचा_आंबेवाला:
मी काय जाणकार नाय पण प्रश्न आवडला. आमच्या देवगडात हापूसला खुंट विचारतो कोण, रायवळची कोय रुजवायची, कोवळा कोंब आला की हापूसची काडी पाचर मारून बसवायची, झालं कोयकलम. खाली कुठल्या आंब्याची कोय आहे ते झाडाला पण ठाऊक नसतं. सफरचंदाचे एवढे नखरे कशाला?

नाशिक_टू_बोरिवली:
नखरे बघायचे तर द्राक्षवाल्यांना विचारा. आमच्याकडे पूर्वी द्राक्ष स्वतःच्याच मुळावर असायची, मग पाणी कमी पडायला लागलं, क्षार वाढले, तसे सगळे हळूहळू डॉगरिजवर गेले. आधी तो जंगली खुंट लावून वाढवायचा आणि मग त्यावर कलम भरायचं. माझे वडील म्हणायचे वरची काडी बाजार बघून निवडा आणि खालची जमीन बघून. तुमच्या मेव्हण्याने बहुतेक दोन्ही बाजार बघूनच निवडल्या.

कलमकार_दादर:
जावईबापू, मी नौणीला (सोलनचं डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठ) शिकलोय, नंतर आयुष्य बँकेच्या शेतीकर्ज खात्यात गेलं पण हा विषय अजून सुटला नाही, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी तुमची ४७ झाडं. पालवी फुटणं, मग एकदम मान टाकणं, जोडाच्या वर हिरवं आणि खाली तपकिरी, ही मुळं थंडीने गेल्याची जुनी खूण आहे. वसंतात झाड खोडात साठवलेल्या अन्नावर पालवी फोडतं, त्याला मुळं मेल्याचा पत्ताच नसतो, पानं मोठी होऊन पाणी मागायला लागली की खाली द्यायला कोणी नाही. पाणी साचून बुंधा सडला असता तर जमिनीलगत साल आतून लालसर तपकिरी झालेली दिसली असती. तरी दोन-तीन झाडं मुळासकट उपटून रिकाँगपिओजवळ शारबोला विद्यापीठाचं केंद्र आहे तिथे दाखवाच, मी इथून दादरला बसून शपथ घेणार नाही.

आता नंबर. बेस्टच्या बसचा नंबर बघून ती किती लांब जाते ते कळतं का? तसंच हे. एम म्हणजे मॉलिंग, इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांनी युरोपभर वापरात असलेले बुटके खुंट गोळा केले, एकाच नावाखाली चार प्रकार विकले जायचे ते वेगळे काढले आणि नंबर लावले. ती सगळी कॅटलॉगची कामं, उंचीशी काही देणंघेणं नाही. एम २७ हा एम ९ पेक्षा बुटका आणि एम २६ त्याच्यापेक्षा थोरला, आता बोला.

एम ९ हे १८७९ मध्ये फ्रान्समध्ये आपोआप उगवलेलं रोप. जुनं नाव जॉन द मेत्झ, म्हणजे मेत्झचा पिवळा. त्याचा जन्मच सौम्य हिवाळ्यातला. झाड माणसाच्या हाताला येईल एवढंच, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ, म्हणून जगभर तोच चालतो. पण मुळं उथळ आणि ठिसूळ, जन्मभर काठीचा आधार, आणि जमिनीतलं तापमान उणे दहाच्या आसपास गेलं की त्या मुळांचं काही खरं नाही. जमिनीतलं म्हणतोय, हवेतलं नाही, सगळी गोम तिथेच आहे. उथळ मुळं, उघडी जमीन, कडाक्याची थंडी, हे तिन्ही तुमच्याकडे एकाच वर्षी जमलं.

चार गोष्टी सांगा. पट्टी उताराच्या कुठल्या अंगाला, माती कशी, पाणी कुठून येतं, आणि रोपं जुन्या झाडांच्याच खड्ड्यात लावली का?

चिऊ_घोडबंदर:
अवांतर. काका, आमच्या गच्चीत सफरचंद येईल का हो? रीलमध्ये एकाने कुंडीत लावलंय, लालबुंद लागलंय.

कलमकार_दादर:
चिऊताई, रॉयल डिलिशसला हिवाळ्यात साधारण हजार तास गारवा लागतो, आणि मोजतात तो ७.२ अंशांच्या खालचा. मुंबईत आजवरचं सगळ्यात कमी नोंदलेलं तापमान सांताक्रूझचं, २२ जानेवारी १९६२ चं, ७.४ अंश. म्हणजे इतिहासातल्या सगळ्यात थंड रात्रीसुद्धा मुंबईच्या खात्यात एक तास जमा झाला नाही. इस्रायलची अ‍ॅना किंवा बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन ९९ असल्या कमी गारव्याच्या जाती आहेत, हौस म्हणून लावा, झाड होईल. फळाचं मी बोलत नाही.

चिऊ_घोडबंदर:
बरं, मग कढीपत्ताच लावते 😄

मुलुंडचा_जावई:
काका, साष्टांग. रात्री मेव्हण्याला फोन करून विचारलं. पट्टी पश्चिमेकडे उतरती, दुपारचं ऊन भरपूर. माती रेताड, दगडगोटे. पाणी कूहलचं, म्हणजे वरच्या नाल्यातून पाट काढून आणलेलं, ते ऑक्टोबरअखेर बंद होतं कारण पाट गोठतो. आणि हो, जुने खड्डे होते तेच वापरले, परत खणायचा खर्च वाचला म्हणून. हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली गेला.

पवईकर_एक्स_मिनेसोटा:
हा धागा माझ्यासाठीच आहे. ६ वर्षं मिनियापोलिसला होतो, शनिवारी एका बागेत फुकट राबायचो, बदल्यात सायडर. तिथे एखाद्या वर्षी उणे ३० येतंच. बागेची मालकीणबाई म्हणायची बर्फाला शिव्या देऊ नका, ती मुळांची गोधडी आहे (गोधडी शब्द माझा, तिचा क्विल्ट). फूटभर भुसभुशीत बर्फ असला तर वर उणे २५ असूनही खाली जमीन शून्याच्या जराशीच खाली राहते. बर्फाशिवायची थंडी आली की तिची झोप उडायची, मग जानेवारीत आम्ही ट्रॉलीने पेंढा ओढून बुंध्यांभोवती टाकायचो. आणि कोरडी माती ओल्या मातीपेक्षा खोलवर गार होते, म्हणून गोठण्याआधी एक शेवटचं पाणी भरपूर द्यायचंच. तुमचा पाट ऑक्टोबरात बंद होतो, तर बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात जमीन भिजवून घ्या.

तिथे मोठी झाडं अंतोनोव्काच्या (थंडीला दणकट रशियन सफरचंद) बियांवर, मधली बी ११८ वर आणि बुटकी बी ९ वर. मी तर म्हणेन एम ९ चं नावच काढू नका.

कलमकार_दादर:
पवईकर, पेंढ्याचं आणि पाण्याचं शंभर टक्के. पण एम ९ सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. ७३ झाडं त्याच थंडीत जगली ना? ती का जगली ते आधी बघा.

आणि थंडी म्हणजे एकच थंडी नसते हे लोक विसरतात. एक येते नोव्हेंबरात, झाड अजून पुरतं झोपलेलं नसतं तेव्हा. तिथे एमएम १०६ मार खातो, कारण तो उशिरापर्यंत वाढत राहतो आणि पहिल्या कडाक्यात कच्चा सापडतो, शिवाय ओल्या जमिनीत बुंधासडीला सगळ्यात आधी बळी पडतो तो हाच. दुसरी जानेवारीची, ती मुळांवर येते, त्याचं वर झालं. तिसरी सगळ्यात लबाड, फेब्रुवारी-मार्चची: दुपारी ऊन तापतं, पश्चिमेकडची साल जागी होते, सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात उणे आठ, आणि साल उभी चिरते. तुमची पट्टी पश्चिमेकडे आहे म्हणून सांगतो, खोडाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात चुना फासा, त्यात थोडं मोरचूद घाला. पांढरं खोड तापत नाही. खुंट कितीही दणकट असला तरी हा मार जोडाच्या वरच्या झाडाला बसतो, खुंट तिथे काही करू शकत नाही.

चौथी म्हणजे एप्रिल-मेमधलं फुलांवरचं दव. फूल पूर्ण उमललेलं असताना उणे २.२ ला शंभरातली दहा फुलं जातात आणि उणे ३.९ ला नव्वद. फरक दीड-दोन अंशांचा. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि बांधाच्या मागे, खोलगटात साचते. बुटक्या झाडाची फुलं त्या साचलेल्या हवेतच बुडतात, उंच बीजू झाडाचा शेंडा तिच्यावर राहतो. सासरे जुन्या झाडांकडे का बघत होते ते कळलं का?

गिरगावचा_आंबेवाला:
अरे बापरे. आमच्याकडे फेब्रुवारीत ढग आले की मोहोराची वाट लागते, बस, तेवढंच टेन्शन. काका लिहीत राहा.

अंधेरीचा_इन्व्हेस्टर:
मला पण तिकडे दोन एकर घ्यायचेत, ऑर्चर्ड प्लस होमस्टे. रेट काय चाललेत?

नाशिक_टू_बोरिवली:
साहेब, हिमाचलात बाहेरच्या बिगरशेतकऱ्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. १९७२ चा कूळ आणि जमीन सुधारणा कायदा, कलम ११८. त्यात किन्नौर आदिवासी जिल्हा, म्हणजे अजूनच विषय संपला. बी ११८ चं कलम मिळेल, कलम ११८ मधून सुटका नाही.

मुलुंडचा_जावई:
हाहाहा. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली म्हणूनच तुला जावई केला, पार्टनर नाही.

काका, ७३ का जगली ते विचारलं. मेव्हणा विचार करून म्हणाला, घराजवळच्या दोन ओळी पूर्ण वाचल्या. तिथे गोठ्यातलं शेण आणि गवत पसरायची सासूबाईंची सवय, त्या कुणाला विचारत नाहीत. मेली ती बहुतेक वरच्या टोकाची, जिथे वारा लागतो आणि बर्फ पडला तरी उडून जातो.

कलमकार_दादर:
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अर्धं उत्तर त्यांनी कधीच देऊन ठेवलंय.

उरलेलं असं. जुन्याच खड्ड्यात लावण्याचा त्रास वेगळा असतो. चाळीस वर्षं सफरचंद होतं तिथल्या मातीत त्याच्या मुळांचे शत्रू साठलेले असतात, नवं रोप तिथे कुढत राहतं आणि कुढलेलं मूळ थंडीत आधी जातं. निदान दोन ओळींच्या मधे खणायचं होतं.

टोकाच्या भागात मी एमएम १११ किंवा बी ११८ बघेन. एमएम म्हणजे मॉलिंग-मर्टन, १९५२ मध्ये आलेली मालिका. नॉर्दर्न स्पाय नावाच्या जातीशी संकर केला, कारण त्या जातीला लोकरी मावा लागत नाही (उसाचा लोकरी मावा वेगळा, हा सफरचंदाच्या मुळांना गाठी आणतो). १११ ची मुळं खोल जातात, कोरडी रेताड जमीन सोसतो, काठी लागत नाही. फळाला मात्र चार-पाच वर्षं थांबायचं, आणि झाड बीजूपेक्षा थोडंच लहान. बी म्हणजे बुदागोव्स्की, रशियात मिचुरिन्स्कला झालेले खुंट, तिथला हिवाळा सांगायला नको. बी ९ एम ९ एवढाच बुटका पण मुळं थंडीला दणकट, बुंधासडीला पण बरा, आधार मात्र लागतोच. बी ११८ जवळजवळ १११ एवढा होतो.

पवईकर_एक्स_मिनेसोटा:
आणि जी ४१? कॉर्नेल विद्यापीठवाले तर त्यालाच डोक्यावर घेतात.

कलमकार_दादर:
जिनिव्हा मालिका, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाची, १९६८ पासून चाललेलं काम. मूळ हेतू फायर ब्लाइट रोगाला दाद न देणारे खुंट करायचा. तुम्हाला त्यातला दुसरा गुण उपयोगी, जुन्या बागेच्या मातीत ते बरे वाढतात, लोकरी मावाही ४१ ला आणि ८९० ला लागत नाही. थंडीलाही ४१ वाईट नाही. पण त्याचा जोड लहानपणी ठिसूळ असतो, वाऱ्यात रोप जोडाशी कटकन मोडतं. वाऱ्याच्या टोकाला नको, घराजवळ तारेला बांधून लावा. ८९० थोराड होतो.

आणि रोप घेताना जोड बघा, जमिनीच्या वर निदान चार बोटं राहिला पाहिजे, सहा असतील तर उत्तम. लोक थंडीच्या भीतीने जोड मातीत पुरतात, मग वरच्या काडीलाच मुळं फुटतात आणि खुंटाचे पैसे पाण्यात. झाड पुन्हा बीजूएवढं.

वाशी_फळगाळा:
गाळ्यावरून बोलतो. ऑगस्टपासून शिमल्याकडचा माल येतो तेव्हा बाजार भरलेला असतो, किन्नौरचा उशिरा, सप्टेंबर-ऑक्टोबरात. कडक, रंगदार, टिकतो, गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं. त्या मालाला भाव आहे तो उशीर आणि थंडीमुळेच. फळ दोन वर्षांनी आधी यावं म्हणून तुम्ही अर्धी बाग घालवणार असाल तर हिशोब चुकला. कर्जाचा हप्ता मला पण कळतो म्हणा. आणि २०२४ पासून युनिव्हर्सल कार्टन, म्हणजे एकाच ठरलेल्या मापाची पेटी आलीय, तिच्यात २० किलोच्या आसपासच बसतो, सगळे हिशोब आता त्यावर करा, जुन्या ठासलेल्या पेटीवर नको.

मुलुंडचा_जावई:
हप्त्याचं बोललात आणि पोटात गोळा आला. तोच तर प्रश्न आहे, मेव्हणा म्हणतो १११ लावून पाच वर्षं खायचं काय.

कलमकार_दादर:
म्हणूनच सगळी बाग एका खुंटावर लावायची नसते. वाचलेली ७३ राहू देत, फळ देतात, त्यांची गोधडी सांभाळा. टोकाला सावकाश चालणारे लावा. खालची बीजू झाडं घाईने तोडू नका, तीच पाच वर्षं घर चालवतील, फक्त शेंडे खाली आणा, दरवर्षी थोडे थोडे. अजून एक, खुंट थोराड असला तर वर स्पर जात घ्या, सुपर चीफ किंवा ऑरेगॉन स्परसारखी, त्या मुळातच आखूड वाढतात. झाड आटोक्यात राहतं आणि फळ पण जरा लवकर.

आणि खात्रीची गोष्ट. नर्सरीत सगळ्या काड्या सारख्याच दिसतात, लेबल कोणीही लावतं. पण बुदागोव्स्कीच्या ह्या दोन्ही खुंटांची पानं लालसर असतात. जोडाच्या खालून फुटवा आला आणि पान हिरवंगार निघालं, तर तुम्हाला दुसरंच काहीतरी विकलंय.

नाशिक_टू_बोरिवली:
हे भारी आहे. धागा सेव्ह केला.

मुलुंडचा_जावई:
(वर्षभराने धागा वर काढतोय.) मार्चमध्ये टोकाला ३० रोपं लावली, १५ एमएम १११ आणि १५ बी ११८, सगळ्यांवर सुपर चीफ, नवे खड्डे ओळींच्या मधे खणून. नर्सरी दुसरी. नोव्हेंबरात सगळ्या खोडांना चुना फासला होता, मेव्हण्याने सासऱ्यांनाच ब्रश दिला आणि ते चार दिवस बागेतून घरात यायला तयार नव्हते. एम ९ मधली अजून चार गेली, बाकी ठीक. खालच्या बीजूचे शेंडे उतरवताना सासरे पहिल्यांदा बोलले, "इतना ही," आणि कुऱ्हाड नेऊन घरात ठेवली.

आज सकाळी लोकलमध्ये मुलुंड-भांडुपच्या मधे मेव्हण्याचा फोटो आला. बी ११८ चं एक रोप, जोडाच्या बरोबर खाली बोटभर फुटवा आणि त्याला चार पानं, तांबूस लाल. मी एवढ्या मोठ्याने "लाल आहे!" म्हणालो की समोरच्याने पेपर खाली केला. संध्याकाळी बायकोला दाखवलं तर ती म्हणे यात खूश काय व्हायचंय, खुंटाचा फुटवा तर कापूनच टाकायचा असतो ना.